आश्रुबा तात्यांचं तीन लिटर पाणी

आश्रुबा तात्या बीडहून आले ते डॉक्टरला शिव्या देतच जीपमधून उतरले. पोटाचा स्कॅन झाला होता आणि त्यासाठी शिरेतून रंगाचं औषध टोचलं होतं. ते औषध किडनीला बाधू शकतं. त्यात तात्यांना बारा वर्षांची शुगर, आणि तपासणीत किडनी आधीच थकलेली निघाली. डॉक्टरांनी बजावलं होतं, "उद्या सकाळपर्यंत तीन लिटर पाणी पोटात गेलंच पाहिजे. हयगय केलीत तर किडनीवर बेतेल."

"तीन लिटर म्हणं! त्याच्या बापाचं काय जातंय सांगायला?" तात्या ओट्यावर बसत कडाडले. "हितं आठ दिस झाले, टँकरचं तोंड न्हाई बघितलं!"

टँकर गावच्या शेतकरी सोसायटीचा होता. दुष्काळात गावाला पाणी द्यायचं म्हणून घेतलेला, आणि घेतल्यापासून चेअरमन भगवानरावांच्या आळीतच रमलेला. तात्यांनी चार अर्ज दिले होते. उत्तर एकाचंही नव्हतं.

घरात प्यायचं पाणी उरलं होतं एक कळशी. तात्यांच्या बायकोनं, वत्सलाबाईंनी, तिच्यावर ताटली झाकली. "हे निस्तं तुमचं. मी थेंबाला हात लावायची न्हाई."

तात्यांनी पहिला पेला तोंडाला लावला आणि शेजारचा सटवा आला. त्याच्यामागं रतनबाई, तिच्यामागं अर्धी आळी. आजाऱ्याला बघायला उन्हातून आलेल्या माणसाला पाणी न देणं या गावात अजून कुणाला जमलेलं नाही. वत्सलाबाई तांब्या भरत गेल्या.

"लई गार हाय हो पाणी," सटवा मिशा पुसत म्हणाला. "तात्या, डॉक्टरचं ऐका. पाणी लई प्या."

"पितो की! तू ठिवलंस तर पितो!"

सटवा खदखदून हसला. तात्या गंमत करतायत असं त्याला वाटलं. रतनबाईंनी "आजून घोटभर" मागितलं, तेव्हा तात्यांच्या कपाळाची शीर तटतटली. चार वाजता कळशी उपडी झाली. तात्यांच्या वाट्याला आला होता दीड पेला.

"आगं, न्हाई म्हणायचं की त्यांना!"

"दारात आलेल्याला? पाण्याला? मग तुमी कावून न्हाई म्हणलाव?"

तात्यांनाही ते जमलं नव्हतं, आणि त्याचाच त्यांना जास्त संताप आला. त्यांनी काठी उचलली. "थांब. आता मीच जातो त्यांच्या घरी!"

पाच वर्षांत तात्या कुणाची पायरी चढले नव्हते. आता सटवाच्या घरापासून सुरुवात झाली. बसले की पाणी आलंच. आणि घसा ओला झाला की तात्यांची जीभ सुटे. "आठ दिस टँकर न्हाई, आन् तुमी गप बसलाव? टँकर काय भगवानरावाच्या सासऱ्यानं आंदण दिलाय?" माणसं माना डोलवत, तात्या पुढच्या घरी जात.

चौदाव्या घरी चतुराबाई आत पाणी आणायला गेल्या आणि रांजणाच्या तळाला तांब्या खरडल्याचा आवाज आला. तात्यांनी तांब्या ओठाला लावला. दोन घोट घेऊन त्यांनी तांब्या परत दिला. तिथून निघाले ते भगवानरावांच्या नावानं भर रस्त्यात बोंब मारतच.

दिवेलागणीला घरी पोचतात तर दारात टँकर! आळीतल्या बाया हंडे घेऊन त्याला झोंबलेल्या, आणि ओट्यावर खुद्द भगवानराव, घामेघूम.

"तात्या, असं करतेत व्हय?" त्यांनी हात जोडले. "पुढल्या म्हैन्यात सोसायटीची निवडणूक, आन् तुमी आत्ताच घर न् घर फिरायलाव! मला एक शबूद बोलला असताव तर टँकर धाडला नसता का? आता रोज धाडतो. निस्ता तेवढा उमेदवारीचा फारम भरू नका."

तात्यांना आधी काही उमजेचना. मग उमजलं, आणि डोक्यात जाळ झाला. चार अर्ज कचऱ्यात गेले, किडनी पणाला लागली, तेव्हा हा माणूस ढिम्म हलला नव्हता.

वत्सलाबाईंनी भरलेला पेला पुढं केला. तात्यांनी तो अर्धा प्याला आणि उरलेला त्यांच्या हातात दिला. "तू पी आधी. सकाळधरनं कोरडी हायस."

मग ते भगवानरावांकडं वळले.

"फारम कुठं मिळतो हो?"