मनाईच्या खांबाचा दंड भास्करपंतांनी कैसा उडविला त्याची हकीकत

श्रीगजाननाचे स्मरण करोन, शाई ताजी आणि मन कडू असतां लिहिले ऐसेजे. शके सोळाशे नव्याण्णव, हेमलंबी नाम संवत्सरे, राज्यात ऐसा बंदोबस्त असे की कचेरीपुढील चौकातील तांबड्या खांबाशी कोणी घोडा उभा करू नये, आणि केल्यास माचीवरील चिताऱ्याने त्याचे चित्र काढावे, आणि चित्र पाहोन कोतवालांनी दंडाची चिठ्ठी घरी धाडावी. आणि ज्याचे नावे वर्षात दंड नाही, ऐशा एकाचा घोडा दसऱ्यास निशाणापुढे चालावा. हा मान तीन वर्षे भास्करपंत पागनीस यांस मिळाला, आणि आम्ही दप्तरदार मागे धुरळा खात चाललो. खरे लिहावे तर आम्हांस पंतांचा हेवा वाटे. त्यांची घोडी काळी, आमचाही घोडा काळाच, परंतु तिजवरील मोरपिशी झूल पाहावयास लोक थांबत. मग आम्ही त्याच शिंप्याकडोन तैशीच झूल शिवविली, आणि आमचीच आधीची म्हणोन सांगो लागलो.

आणि भाद्रपद वद्य तृतीयेस पंतांस दंडाची चिठ्ठी आली. चित्रातील झूल पाहोन कोतवालांनी नाव घातले होते. ते वर्तमान ऐकोन आम्हांस दोन पोळ्या अधिक गेल्या. मग आम्ही पंतांचे घरी जावोन कळवळ्याने बोललो, "पंत, सरकाराशी भांडोन काय मिळते? भरोन टाका." कारण भरला म्हणजे गुन्हा कबूल, आणि मान गेला. पंत म्हणाले, "जे केले नाही ते कबूल कशास करू? पंधरा दिवसांची मुदत आहे. आधी चित्र पाहतो." मग त्यांनी चित्राची नक्कल मागितली, आणि कोणास वावगा शब्द न लिहिता अर्ज दिला की घोडीच्या खुणा जुळत नाहीत आणि ती त्या दिवशी नालबंदाकडे होती, आणि शेख बुऱ्हाण नालबंदाची तारखेची चिठ्ठी जोडली. कोतवालांनी दंड रद्द केला आणि वर पंतांस विडा दिला. गावात वाहवा जाहली आणि आमच्या अंगाचा तिळपापड जाहला.

मग आश्विन शुद्ध पंचमीस आम्ही घोडा दौडवीत कचेरीस गेलो, आणि घाईने उतरोन तडक आत शिरलो, आणि बोललो, "घोडा आहे, झूल आहे, मग धनी नाही कैसा? चित्र सर्वांसमोर मांडा." कोतवालांनी मांडिले. झूल मोरपिशी, घोडा काळा, आणि मागील डावा पाय पांढरा. पंतही तेथे होते; त्यांनी चित्र पाहोन आमच्याकडे पाहिले, ते आम्हांस फार झोंबले. कोतवालांनी पुसिले, "ऐसा घोडा कोणाचा?" आम्ही म्हणालो, "शोध करावा लागेल. दसरा उलटेल." तो माचीवरोन चितारी बोलिला, "साहेब, शोध कशास? तोच घोडा आताही खांबाशी उभा आहे. दुसरे चित्र होतच आले, रंग तेवढा वाळू द्या."

सारांश, दंड खोटा असल्यास भरू नये, मुदतीत अर्ज करावा, पुरावा जोडावा आणि जीभ आवरावी. खरा असल्यास गप भरावा. आम्ही दोन भरले. दसऱ्यास पंतांची घोडी निशाणापुढे चालली आणि आम्ही मागे धुरळा खाल्ला. झूल मात्र आमच्याच घोड्यास अधिक शोभते. हे लिहिले सत्य.