बंड्याच्या मागे देवरे काका

देवरे काका लिफ्टमध्ये भेटले की माणसाच्या तोंडाकडे बघत नाहीत. आधी खाली वाकतात, तुमच्या कुत्र्याचा पंजा हातात घेतात आणि नखं तपासतात. मग कमरेवर हात ठेवून हळूहळू सरळ होतात आणि अतिशय काळजीच्या सुरात निकाल देतात, "वाढलीत. रस्ता लागत नाहीये याला."

रोज डांबरावर चालणाऱ्या कुत्र्याची नखं आपोआप झिजतात, घरात लोळणाऱ्याची वाढतात, हा त्यांचा सिद्धांत. त्यामुळे आमच्या इंदिरानगरच्या सोसायटीत कुत्र्याला फिरवायचा कंटाळा कुणी केला, हे काकांपासून लपत नाही. चौथ्या मजल्यावरचे कुलकर्णी तर काका लिफ्टपाशी दिसले की जिन्यानं चढतात.

काका मूळचे सटाण्याचे. जन्मभर शाळेत भूगोल शिकवला. काकू गेल्यापासून आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये एकटेच राहतात, मुलगा अविनाश पुण्याला असतो. स्वतःचा कुत्रा नाही, पण इमारतीतल्या झाडून सगळ्या कुत्र्यांची काळजी यांच्या डोक्यावर. एरवी वर्गात बोलावं तसं स्वच्छ बोलतात, काळजी फार झाली की मात्र त्यांच्या तोंडी सटाण्याची अहिराणी येते.

कुलकर्ण्यांच्या ब्रूनोनं सोफा फाडला तेव्हाची गोष्ट. कुलकर्णी म्हणाले, "अहो, रोज संध्याकाळी गच्चीवर सोडतो की त्याला."

"गच्चीवर?" काका जागच्या जागी थरथरले. "तुम्ही गच्चीवर गोल गोल फिरून पिंपळगावला पोचता का? त्याला वास लागतात, झाडं लागतात, चार ओळखीची माणसं लागतात. कुत्रा शे तो, कुंडी नही!"

ब्रूनो दुसऱ्या दिवसापासून रस्त्यावर दिसू लागला. नवा सोफा अजून शाबूत आहे.

उन्हाळ्यात तर काकांचा जीव थाऱ्यावर नसतो. गेटबाहेर जाऊन चपला काढतात, रस्त्यावर पाय ठेवतात आणि पाय उचलत उचलत परत येतात. "अजून नाही! पंजे भाजतील! सूर्य खाली जाऊ द्या!" तोवर कुणाची बिशाद नाही कुत्रा बाहेर काढायची. आम्ही सगळे पट्टे हातात धरून गेटात उभे, शाळा सुटायची वाट बघत असल्यासारखे.

हे सगळं मला गमतीचं वाटायचं. ते आमच्या बंड्यापर्यंत आलं तेव्हा गंमत संपली.

बंड्या आमचा गावठी कुत्रा, आता चांगलाच म्हातारा. मागचे पाय फरशीवर घसरतात. मागच्या हिवाळ्यात तो जिन्यात पडला आणि मी धसका घेतला. डॉक्टर म्हणाले होते, थोडं थोडं चालू द्या, पण बंद करू नका. पण मीच घाबरले. बाल्कनीत वर्तमानपत्र अंथरलं आणि त्याला सांगितलं, "बास झालं आता फिरणं, आराम कर."

दोन-तीन दिवसांत काका दारात. चहा नको म्हणाले, बसायलाही तयार नाहीत.

"ताई, याला का बसवलंत?"

"म्हातारा झालाय हो काका. पडला-बिडला तर?"

"लहानाला जग बघायला फिरवायचं, तरण्याला रग जिरवायला फिरवायचं आणि म्हाताऱ्याला उद्या उठता यावं म्हणून फिरवायचं. बसला की सांधे धरतात. मग तो उठतच नाही, ताई." त्यांनी पट्ट्यासाठी हात पुढे केला. "माझ्याकडे द्या. मी नेतो. हळू नेतो."

एका कुत्र्यासाठी माणसानं इतकं काकुळतीला यावं, याचं मला नवल वाटलं. पण मी पट्टा दिला.

त्या दिवसापासून दोघं रोज संध्याकाळी निघायचे. गेट, पुढे इस्त्रीवाला, मग दत्तमंदिर, जॉगिंग ट्रॅकचं टोक आणि परत. रस्ता कधी बदलायचा नाही. बंड्या पुढे, काका मागे. बंड्या प्रत्येक खांबाशी सवडीनं थांबायचा आणि काकाही तितक्याच सवडीनं थांबायचे. पंधरा दिवसांत बंड्याचे पाय सुधारले, तो पुन्हा सोफ्यावर चढायला लागला. मी काकांना दुवा दिला.

मग एका संध्याकाळी दोघं परत आलेच नाहीत.

दिवे लागले तरी पत्ता नाही. काकांना फोन लावला तर रिंग समोरच्या बंद दारामागे वाजली. मी धावत खाली गेले. वॉचमन सोनवणे खुर्चीतून ताडकन उठला.

"अजून आले नाय? ताई, कुत्रं संगं होतं म्हणून सोडलं हो मी! एकटं सोडायचं नाय, असं त्यांच्या पोरानं सांगून ठेवलंय."

"का?"

"मागं पार द्वारका चौकात सापडले ना ते. रिक्षावाल्याला घर कुठं हाय ते सांगता येईना. लय रडत होते म्हणं."

शेजारी राहून मला हे माहीत नव्हतं.

इस्त्रीवाल्यानं सांगितलं, जाताना दिसले. मंदिराच्या पुढे पाइपलाइनसाठी रस्ता खणलेला, पत्रे लावून बंद केलेला. सकाळी तो उघडा होता. म्हणजे दोघं कुठल्या तरी गल्लीत वळले असणार. मी एकेका गल्लीत शिरत हाका मारत सुटले, आधी "काका!" आणि मग "बंड्या!" हमरस्त्यावर गाड्या सुसाट चालल्या होत्या. तिकडे बघायचंही धाडस होईना.

तिसऱ्या की चौथ्या गल्लीत, एका बंद दुकानाच्या पायरीवर दोघं बसलेले दिसले. बंड्या दमून आडवा झाला होता. काकांनी पट्टा दोन्ही हातांनी घट्ट धरला होता.

"हा दमला म्हणून बसलो," काका म्हणाले.

मी शेजारी बसले. मग काका स्वतःच सांगू लागले.

"ब्रूनोबरोबर जाऊन बघितलं, तो मांजराच्या मागे कुठंही नेतो. हा एकटाच आहे जो घरी आणतो. मी फक्त याच्या मागे जातो. आज याचाच रस्ता बंद झाला, ताई. सगळ्या जगाचे नकाशे शिकवले पोरांना. आणि आपली गल्ली..."

मग एकदम माझा हात धरून म्हणाले, "अवीला सांगू नका. पुण्याला नेईल, बाराव्या मजल्यावर बसवील. आराम करा बाबा, म्हणेल."

बंड्याला मीही हेच म्हटलं होतं. मला रडू आलं.

अविनाशला मी सांगितलंच. न सांगण्याची छाती नव्हती. तो रात्रीच निघाला, सकाळी येऊन पोचला, चिडला, रडला, बॅग भरायला लागला. मी त्याला बंड्याला घरी बसवल्याची सगळी कथा पुन्हा पुन्हा सांगितली. शेवटी ठरलं की काका इथंच राहतील, फिरायला जातील, पण बरोबर मी असेन. आणि खिशात पत्ता असेल.

आता रोज तिघं जातो. मी जरा मागे राहते, फोनवर बोलत असल्याचं दाखवत. पण माझ्या मनाला स्वस्थता नाही. बंड्या आता इस्त्रीवाल्यापाशीच धापा टाकतो. त्याचं किती राहिलंय, हे मला दिसतं. काकांनाही दिसत असणार.

मध्यंतरी दुसऱ्या मजल्यावरच्या शिंद्यांकडे एक पिल्लू आलं, जेमतेम मांजराएवढं. लसी पूर्ण झाल्यावर काका स्वतः त्यांच्या दारात जाऊन ते फिरवायला मागून घेऊन आले. "लहानपणीच सवय लागलेली बरी," म्हणाले. आता आम्ही चौघं असतो. बंड्या खांब हुंगतो, त्याचं झालं की काका पिल्लाला पुढे सरकवतात आणि घाई न करता उभे राहतात.

काल मंदिराच्या वळणावर मी नेमकी जवळ होते. काका गुडघ्यावर हात टेकून वाकले होते आणि पिल्लाला अगदी हलक्या आवाजात सांगत होते, "इथून डावीकडे. नीट वास घेऊन ठेव, बेटा. पुढे मला तुलाच विचारावं लागणार आहे."