एकदांडीची ओळख

बागेतली एकदांडी आपली ओळख पटवायला नगरपालिकेच्या उद्यान विभागात आली, तो नोटिशीचा सातवा आणि शेवटचा दिवस होता. ओळख पटली नाही तर पाच वाजता तिला तण ठरवून मुळासकट उपटणार होते. तिने मुळांची माती पायपुसण्याला पुसली आणि साक्षीदाराच्या मागोमाग आत शिरली.

साक्षीदार होत्या वत्सलाबाई खरमाटे. बालवाडीत तीस वर्षं त्यांनी पोरांच्या फुटलेल्या गुडघ्यांवर एकदांडीचाच पाला चोळला होता. बांधावर, मैदानात, जाल तिथे भेटणाऱ्या या फुलाला कोणी ओळख विचारावी, याने त्यांचं डोकं सणकलं होतं. त्यात समोर बसलेला लिपिक अणावकर त्यांच्याच हाताखाली शिकलेला.

“लांब एकच देठ, मध्ये पिवळं, कडेला पांढऱ्या पाकळ्या, केसाळ पानं बारा,” अणावकरने नोटिशीवरून पडताळलं. “वर्णन जुळतंय. आता ओळखीची खूण दाखवा.”

“खूण? घसरगुंडीवरून पडलास तेव्हा तुझ्या हनुवटीला काय लावलं होतं मी?”

“ते रेकॉर्डला नाही, बाई.”

बाईंचा तोल सुटला. टेबलावरच्या फायली शिवायच्या दाभणाने त्यांनी स्वतःचं बोट टोचलं. एकदांडीने मुकाट्याने एक पान पुढे केलं. ते चुरडून लावताच रक्त थांबलं.

अणावकरने खूण मान्य केली, शिक्का उचलला आणि थांबला. “पानं अकराच आहेत.”

“बारावं माझ्या बोटावर आहे, मेल्या!”

“मग अर्जदार अर्धवट हजर आहे.”

“लाज नाही वाटत असं बोलायला?”

“वाटते, बाई. पण पानं बारा भरायला हवीत.”

पाचला दोन मिनिटं असताना त्याने तोडगा काढला. अर्धा शिक्का फुलावर मारला, अर्धा बाईंच्या नखावर, आणि यापुढे दोघींनी एकाच जागी राहावं अशी अट घालून एकदांडीला हिरवळीवर कायम केलं.

वत्सलाबाई चरफडत हिरवळीवर गेल्या आणि एकदांडीशेजारी मांडी घालून बसल्या. सहाला माळी आला. त्याने शिक्का जुळवून पाहिला, पाण्याचा पाइप ओढून आणला आणि आधी एकदांडीला, मग बाईंना पाणी घातलं.

“मुळाशी घाल रे,” बाई खेकसल्या, “डोक्यावर काय ओततोस!”