चार इंच उंच

डोळे मिटायची गरज नाही, मुलांनो. मिटले तर पुढचं वाचणार कसं? उघड्या डोळ्यांनीच कल्पना करा. एक पत्र्याची शेड आहे. जमिनीवर लाकडाचा भुसा, भिंतीला टेकवलेल्या फळ्या आणि एका बाजूला शाळेची सोळा नवी कोरी बाकं, एकावर एक रचलेली. दुसऱ्या बाजूला एक छोटा ट्रक. तो तुमच्या बाबांपेक्षा वयाने मोठा आहे. त्याच्या पोटाखाली तिघं जण आडवे झाले आहेत आणि चौथी, सगळ्यांत लहान, शेजारी उकिडवी बसून बघते आहे.

तिघांतला एक म्हणजे तिचे बाबा. ते सुतार. सोमवारी शाळेची घंटा व्हायच्या आत ही बाकं त्यांना टेकडीवरच्या शाळेत पोचवायची होती. मुख्याध्यापिकाबाईंनी स्वच्छ सांगितलं होतं, "सोमवारी मुलं जमिनीवर बसली, तर पुढच्या वर्गांची बाकं मी दुसऱ्या सुताराकडून करून घेईन." चौथी, जिला घरात मुंगी म्हणत, त्याच शाळेत तिसरीत होती. "सोमवारी आपण बाकावर बसणार, माझे बाबा आणणार आहेत," असं तिने वर्गात आधीच जाहीर करून टाकलं होतं. त्यामुळे बाबांइतकीच तिचीही अब्रू पणाला लागली होती.

अडचण एकच होती. शाळेच्या शेवटच्या चढावर, रस्त्याच्या मधोमध, जमिनीतला खडक वर आला होता. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला नाला. रिकामा ट्रक नेऊन पाहिला, तेव्हाच त्याचं पोट खडकाला टेकलं होतं. म्हणून ट्रक उंच करायचा ठरलं आणि मेकॅनिकला शेडमध्येच बोलावलं.

मेकॅनिकला सगळे सायलेन्सर म्हणत, कारण तो दिवसाला मोजून दहा वाक्यं बोलायचा.

"दोन इंच चढवायचा तर चाकांवरच्या स्प्रिंगच्या जुन्याच पाट्यांत एक पाटा वाढवतो," तो म्हणाला. "बाकी कशाला हात लावायला नको. चार इंच म्हणजे पाटे नवे, उंच कमानीचे. आणि स्टिअरिंगच्या दांडीला वरून धरणारा जो हात आहे, तोही लांब बसवावा लागेल. तो यायला आठ दिवस."

"खडक साडेतीन इंच लागतोय," बाबा म्हणाले. "मी स्वतः आडवा पडून मोजलंय. मग दोन काय कामाचे?"

"चारच घ्या, दाजी," तिसरा म्हणाला. तो मुंगीचा मामा. मामा पोस्टात तिकिटं विकायचा आणि त्याच्याकडे साधी सायकल नव्हती, पण गाड्यांबद्दल त्याची मतं ठाम असत. "उंच गाडीचा रुबाबच वेगळा."

"आणि तो लांब हात?"

"आठ दिवसांनी लावू. तो काय पळून चाललाय?"

सायलेन्सरने काहीतरी सांगायला तोंड उघडलं, दिवसाची किती वाक्यं उरली याचा हिशेब केला आणि मिटून घेतलं.

रविवारी संध्याकाळी काम झालं. ट्रक चार इंच उंच झाला आणि खरंच रुबाबदार दिसू लागला. फक्त पुढची चाकं सरळ असताना स्टिअरिंगचं चाक पाव वळण वाकडं उभं राहत होतं. सायलेन्सर तोवर घरी गेला होता.

"कपाटाचं दार वाकडं बसलं तर मी काय करतो?" बाबा म्हणाले. "बिजागरी सरकवतो." त्यांनी स्टिअरिंगचं चाक काढलं, पाव वळण फिरवलं आणि परत घट्ट बसवलं. आता ते सरळ दिसत होतं. कपाट असतं तर काम तिथेच संपलं असतं.

ते का संपलं नाही, हे समजायला तुमची पट्टी घ्या. टेबलावर ती आडवी ठेवा, एक टोक बोटाने दाबून धरा आणि दुसरं टोक जरासं वर-खाली करा. ते बाजूला फारसं सरकत नाही. आता दुसरं टोक चांगलं वर उचलून पट्टी तिरपी धरा आणि तेच करा. टोक लगेच बाजूला पळतं. ट्रक उंच झाल्यावर स्टिअरिंगची दांडी अशीच तिरपी झाली होती. रस्त्यात उंचवटा आला की ती चाकाला आपोआप ढकलणार होती. बाबांनी जे सरळ केलं ते फक्त दिसायला.

सोमवारी सकाळी बाबांनी ट्रक सुरू केला, दारापर्यंत नेला आणि ठक असा आवाज आला. केबिनचं टप दाराच्या चौकटीला टेकलं होतं. पोटाखालची जागा त्यांनी तीनदा मोजली होती. डोक्यावरची एकदाही नाही.

"चौकट कापू," मामा म्हणाला.

"चौकटीवर पत्रा आहे आणि पत्र्यावर अख्खं छप्पर."

"मग खाली खणू."

"बाबा," मुंगी म्हणाली, "मामा आत बसला की ट्रक खाली जातो. मी मघाशी बघितलं."

मामाने तिच्याकडे असं पाहिलं की दुसरी एखादी भाची गप्प बसली असती. "मामाने आणि काय काय करायचं ते सांग," तो म्हणाला. पण बाबांना पटलं. त्यांनी सोळाच्या सोळा बाकं केबिनच्या पाठीला चिकटवून रचली, मामाला आणि मुंगीला केबिनमध्ये बसवलं, मामाच्या मांडीवर खिळ्यांची पेटी दिली. ट्रक हळूहळू खाली बसत गेला आणि चौकटीखालून दोन बोटं अंतर ठेवून बाहेर पडला.

ओझ्याने दांडी पुन्हा आडवी झाली होती, त्यामुळे ट्रक आता अगदी सरळ चालत होता. पण बाबांनी स्टिअरिंगचं चाक काल फिरवून बसवलं होतं ना? ते आता उलट्या बाजूला वाकडं झालं.

"दाजी, तुम्ही वळताय की सरळ चाललाय?" मामाने विचारलं.

"सरळ."

"मग हात तिकडे का?"

"तू पेटी सांभाळ."

शेवटच्या चढावर ट्रक खडकावर आला आणि खालून खर्रर्र असा लांब आवाज आला. बाबा उतरले, आडवे पडले, टेप लावला. नव्या पाट्यांनी दिलेले चार इंच बाकांनी जवळजवळ सगळे परत घेतले होते.

"मी उतरतो," मामा म्हणाला आणि उतरला.

"अर्धा इंच," बाबा खालून म्हणाले.

"एवढाच?"

"सकाळी वजन म्हणून बसवलं तर वाईट वाटलं, आता वजन कमी भरलं म्हणूनही वाटतंय का?"

घंटेला पंचवीस मिनिटं उरली होती. मुंगी जवळपास दिसत नव्हती. ती केव्हाच चढ चढून शाळेत पोचली होती आणि आता अख्खी तिसरी घेऊन खाली येत होती. एका बाकाला चौघं, अशी मुलांनी बाकं उचलली. वर गेलेली चौघं परत आली, पुन्हा गेली. सोळावं बाक वर्गात टेकलं आणि घंटा झाली.

इकडे रिकामा झालेला ट्रक पुन्हा उंच झाला होता. खरं म्हणजे बाबांनी तिथूनच मागे फिरायला हवं होतं. पण एवढे कष्ट घेतलेल्या माणसाला ते जमत नाही. त्यांनी ट्रक पुढे घेतला. तो खडकावरून अलगद, न घासता गेला. मग प्रत्येक उंचवट्यावर थोडा थोडा डावीकडे ओढत, शाळेच्या फाटकातून कसाबसा आत शिरला आणि पाण्याच्या नळापाशी थांबला.

मुख्याध्यापिकाबाई पायरीवर उभ्या होत्या. त्यांनी ट्रकच्या आत वाकून पाहिलं.

"बाकं तर सगळी आली. यातून काय आणलंत?"

"काही नाही," बाबा म्हणाले. "चढतो का ते बघितलं."

"चढला की."

"हो. रिकामा चढतो."

बाईंनी खिडकीतून वर्गात पाहिलं. "बाकं चांगली झालीत," त्या म्हणाल्या. "सातवीची आणि आठवीचीही तुम्हीच करा. मोठी मुलं आहेत, तेव्हा जरा जड लाकडाची."

त्या आत गेल्या. बाबांचा चेहरा उजळला होता. मामाचा त्याहून जास्त.

"जड बाकं म्हणजे चार पुरणार नाहीत, दाजी," तो म्हणाला. "सहा घ्यावे लागणार."

बाबांनी क्षणभर विचार केला. मग खिशातून टेप काढला आणि नळापाशीच, ओल्या जमिनीवर, ट्रकखाली आडवे झाले.

मुंगी खिडकीजवळच्या नव्या बाकावर बसली होती. वर्गातल्या सगळ्या माना त्या खिडकीकडे वळायला लागल्या. तिने शांतपणे उठून खिडकी लावून घेतली, कडी घातली आणि गणिताची वही उघडली.