साळवेकाकांचा डावा कान

साळवेकाकांच्या घरी चहा सहजासहजी मिळत नाही. आधी हॉलमधल्या चित्रासमोर उभं राहायचं, त्यात आजवर न दिसलेली एक गोष्ट शोधायची, मग चहा. "लांबून बघायला तो काय सिग्नल आहे? जवळ या," हे त्यांचं पालुपद.

चित्र त्यांचं स्वतःचंच. पाटबंधारे खात्यात आयुष्यभर कालव्यांचे नकाशे काढले. निवृत्त झाल्यावर हात शिवशिवायला लागले, तेव्हा आरसा घेऊन बसले. आरशात त्यांना काय दिसलं कोण जाणे. डोक्याच्या जागी मंडईतला फ्लॉवर, नाकाच्या जागी ठिबकणारा नळ आणि डाव्या कानाला चक्क दार, अर्धवट उघडं. दारात नखाएवढं काहीतरी पिवळं. मिशी तेवढी जशीच्या तशी.

आमची बिबवेवाडीची सोसायटी हुशार. लोक जिन्यातच उत्तर ठरवून येतात. मी पडलो खालच्याच मजल्यावरचा, माझा साठा केव्हाच संपला. एकदा त्या पिवळ्यावर बोट ठेवून "बल्ब" म्हणालो. चहा मिळाला, पण काकांचा चेहरा पडला. "सगळे बल्बच म्हणतात. हिनं एकदा बघायला हवं."

ही म्हणजे काकू. त्यांनी ते चित्र कधी धड बघितलंच नव्हतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आणि ऑपरेशनचं नाव काढलं की हडपसरला बहिणीकडे पळायच्या. वर म्हणायच्या, "खरा माणूस दिवसभर समोर असतो, चित्र कशाला बघू?" मग भाजीवाल्यापासून भाचीच्या सासूपर्यंत जे बोलणं सुरू व्हायचं, ते झोपेपर्यंत. काका नुसतं हूं म्हणत राहायचे.

यंदा एकदाची ऑपरेशनं झाली. मी विचारपूस करायला वर गेलो, तर काकू चित्राला नाक लावून उभ्या. मागे काका, दहावीचा निकाल लागायचा असल्यासारखे.

"नळाचा वॉशर बदला," काकू म्हणाल्या. मग कानाशी आल्या आणि थबकल्या. "अहो, ही तर माझी पिवळी साडी. मीच आहे की ही. पण तोंड उघडं का काढलंय?"

"बोलतेस म्हणून."

"मिटलेलं काढता येत नव्हतं?"

"काढून बघितलं होतं," काका म्हणाले. "करमेना. चित्रातसुद्धा घर ओकंबोकं वाटायला लागलं."

काकू गप्प. इतक्या वर्षांत मी त्यांना गप्प पाहिलं नव्हतं. आणि बाईमाणसाला मी बल्ब म्हणालो होतो.

मग पदर सावरून त्या म्हणाल्या, "सापडलं ना मला? टाका आता चहा."

काका निमूट आत गेले. थोड्या वेळानं स्वयंपाकघरातून आवाज आला, "साखर कुठंय गं?"

काकूंनी चित्रातल्या कानापाशी तोंड नेलं आणि हळूच सांगितलं.