हालीतले त्रेसष्ट, कलदारातले चोपन्न

सरकारने आयुबमियांचं वय नऊ वर्षांनी कमी केलं, तेव्हा ते अंगणात खाटेवर बसून दाढीला मेंदी लावत होते. बातमी टपालाने आली. उजवा हात मेंदीने भरलेला, म्हणून पाकीट त्यांनी डाव्या हाताने फोडलं, आणि चष्मा खाली ओढण्याच्या धांदलीत थोडी मेंदी कपाळालाही लागली. पत्र वाचताना तोंडाचा आ झाला तो बराच वेळ तसाच राहिला.

"कोन गेलं?" बेगमबींनी चुलीपुढून विचारलं. टपाल येतं ते कुणी गेल्याचंच, अशी त्यांची पक्की समजूत होती.

"गेलं कुनीच न्हाय. म्याच मागं आलो."

पत्र पेन्शन कचेरीचं होतं. सय्यद आयुब, माजी मुहर्रीर, करोडगिरी नाका, यांचं वय दप्तराप्रमाणे चोपन्न आहे. निवृत्तीचं वय पंचावन्न. म्हणजे ते मुदतीआधीच घरी गेलेले दिसतात. सबब पेन्शन थांबवलं आहे. त्यांनी आठ दिवसांत आपल्या नाक्यावर रुजू व्हावं, न झाल्यास गैरहजर धरून पेन्शनचा हक्क कायमचा रद्द होईल. खाली साहेबांची लफ्फेदार सही.

आता आयुबमियांना निवृत्त होऊन आठ वर्षं झाली होती आणि ते चांगले त्रेसष्ट वर्षांचे होते. मुहर्रीर म्हणजे कारकून आणि करोडगिरी म्हणजे निजामाच्या मुलखात शिरणाऱ्या मालावरची जकात. निजामाचं राज्य गेलं, मागून जकात गेली, गेल्याच साली जिल्हा मुंबई राज्यात गेला. नळदुर्गाबाहेर सोलापूर रस्त्यावरचा तो नाका ज्या हद्दीवर उभा होता, ती हद्दच कुणी उचलून नेली होती. पण पेन्शन ही चेष्टेची गोष्ट नव्हती. त्या छत्तीस रुपयांवर घर चालायचं आणि त्यातूनच हैदराबादला कॉलेजात शिकणाऱ्या धाकट्या सादिकला मनिऑर्डर जायची.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या मोटारीने आयुबमिया कचेरीत पोचले. तिथे बलभीमराव नावाचे कारकून सातारा भागातून नवे बदलून आले होते. अक्षर मोत्यासारखं, टोपी काटेकोर, आणि हुकूम म्हटला की तो अक्षरशः पाळायचा, ही त्यांची ख्याती. पाठीमागच्या भिंतीवर त्यांनी एक पुठ्ठा टांगला होता: सात हालीचे, म्हणजे निजामी रुपयांचे, सहा कलदार, म्हणजे इंग्रजी रुपये, चौदाचे बारा, एकवीसचे अठरा, असा थेट सातशेपर्यंत.

"बसा मियासाहेब," बलभीमराव म्हणाले. "तुमचं दप्तर हैदराबादहून आलं ते सगळं हाली सिक्क्याच्या काळातलं. वरून हुकूम आहे, जुन्या दप्तरातले सर्व आकडे कलदारात करून घ्यावेत. तुमचं पेन्शन बेचाळीस हाली, त्याचे छत्तीस कलदार. बरोबर?"

"बरोबर. छत्तीसच मिळत व्हते."

"वय त्रेसष्ट. नऊ सत्ते त्रेसष्ट, नऊ सक चोपन्न. बरोबर?"

"अवो, वय काय सिक्का हाय व्हय?"

"हुकमात 'सर्व आकडे' म्हटलंय." बलभीमरावांनी कागद पुढे सरकवला. "'वय सोडून' असं कुठं आहे, दाखवा मला."

आयुबमियांनी कागद उलटापालटा करून पाहिला. तसं कुठंच नव्हतं. तेवढ्यात बलभीमराव रजिस्टरावरून नजर उचलून त्यांना आपादमस्तक न्याहाळू लागले.

"तुमची उंची साठ इंच लिहिलीय. तुम्ही जास्त दिसता."

"सत्तर हाय माझी उंची!"

"हालीत. आणि अपत्यं सहा."

"सात!" आयुबमिया उठून उभेच राहिले. "सात लेकरं हायती मला. कंचं कमी केलं तुमी?"

"नावं नाहीत, नुसता आकडा आहे," बलभीमराव शांतपणे म्हणाले. "कुठलं कमी करायचं ते तुम्ही घरी बसून ठरवा."

आयुबमियांनी साहेबांना भेटायचं म्हटलं, तर साहेब दौऱ्यावर होते. अर्ज द्या, आले की बघतील. तोवर काय करायचं, या प्रश्नाला बलभीमरावांकडे एकच उत्तर होतं. "तोवर रुजू व्हा. एकदा गैरहजेरी लागली, की मग माझ्याही हातात काही नाही. मला काय आनंद होतोय का?"

होत असावा, असं आयुबमियांना वाटलं.

घरी आल्यावर वयाचं आणि उंचीचं बेगमबींनी मुकाट ऐकून घेतलं. लेकराचं ऐकलं आणि हातातलं उलथनं आपटलं. "नऊ म्हयने म्या बाळगलं, आन सरकारनं एका रेघंत कमी केलं? कंचं केलं?"

कुठलं, ते दोघांनाही ठाऊक होतं. शेवटचा सादिक. आणि त्याचंच पत्र कालपासून कोनाड्यात पडलं होतं: खानावळवाल्याने दर वाढवलाय, अब्बांनी थोडे जास्त पाठवावेत.

"ज्याला पैसे धाडायचे तोच उडवला बघा," बेगमबी डोळे पुसत म्हणाल्या. मग थोडं थांबून त्यांनी हळूच विचारलं, "आन माझं वय किती भरतंय वो त्या हिशोबानं?"

"छप्पनचं? अठ्ठेचाळीस."

"ते ऱ्हाऊ द्या तसंच," बेगमबी म्हणाल्या आणि पोळी उलटायला वळल्या.

नाक्याच्या जागी आता शरणबसप्पाचं चहाचं हॉटेल होतं. आयुबमिया पेटीतला जुना खाकी कोट घालून, छातीला गुंड्या लावण्यापुरता श्वास आत ओढून तिथे हजर झाले. रुजू झाल्याच्या कागदावर साक्षीदार म्हणून शरणबसप्पाने सही ठोकली आणि बाकडं पुसून दिलं.

"बसा की मिया. चा पिया आन घरी जावा. कोन बघतंय?"

"न्हाय. रुजू म्हंजे पुरा रुजू. तो बांबू कुठंय?"

नाक्याचा आडवा बांबू शरणबसप्पाने कांद्याच्या माळा टांगायला घेतला होता. आयुबमियांनी तो कांद्यांसकट मागून घेतला, जुन्या खांबाला लावला आणि अर्धाच रस्त्यावर आडवा केला, कारण पूर्ण आडवा करायचा अधिकार आपल्याला अजून आहे की नाही, याची त्यांना खात्री नव्हती.

पहिलाच ट्रक करकचून थांबला. ड्रायव्हरने खाली उडी मारली, खाकी कोट पाहिला आणि सवयीने खिशात हात घातला.

"किती द्यायचं साहेब?"

"काय न्हाय."

"काय न्हाय म्हंजी किती?"

"काय न्हाय म्हंजी काय न्हाय. जावा."

ड्रायव्हर गेला नाही. वीस वर्षं गाडी चालवणाऱ्या माणसाला नाक्यावर काही न घेणारा माणूस भेटला, की त्याला तो सापळाच वाटतो. तो बाजूला उभा राहून विचार करू लागला. विचाराला चहा लागला, चहाला भजी लागली. मागून दुसरा ट्रक आला, मग तिसरा. नव्या राज्याचा नवा कर आहे, दर अजून ठरला नाही, आज जो फुकट जाईल त्याच्याकडून पुढे दुपटीने वसूल करणार, असा अंदाज तिघांनी मिळून बांधला. मग पहिला ड्रायव्हर धीर करून पुढे आला.

"जातो, पर पावती द्या."

"कशाची?"

"काय घेतलं न्हाय त्याची."

आयुबमियांना मागणी रास्त वाटली. पस्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी पावतीवाचून गाडी सोडली नव्हती आणि पावतीवाचून विडीसुद्धा घेतली नव्हती. शरणबसप्पाच्या भज्यांच्या कागदावर त्यांनी सावकाश लिहिलं: 'काही घेतलं नाही. सय्यद आयुब.' ड्रायव्हरने तो तेलकट कागद डोळ्यांना लावला आणि लायसनमध्ये घडी करून ठेवला.

झालं, त्या पावतीचा बोभाटा पार सोलापूरपर्यंत गेला. पावती नसेल तर पुढे अडवतात म्हणे! मग ज्यांना कुणी थांबवलं नव्हतं तेही थांबू लागले. कापसाचे ट्रक, गुळाच्या गाड्या, एक वऱ्हाडाची मोटारसुद्धा पावतीसाठी तासभर उभी राहिली आणि नवरीची आई भज्यांचे पैसे देताना नवे पैसे की जुने यावरून भांडली. आयुबमियांचं अक्षर सुबक, पण हात सावकाश. रांग हटेना, तेव्हा ते सकाळी आल्या आल्या दहा-वीस पावत्या आधीच लिहून कोटाच्या खिशात ठेवू लागले. शरणबसप्पाने दुसरी भट्टी लावली, चार खाटा टाकल्या आणि आयुबमियांना 'मिया' म्हणायचं सोडून 'साहेब' म्हणू लागला.

पण आयुबमिया आतून वाळत चालले होते. पगार नाही, कारण जागाच मंजूर नाही. पेन्शन नाही, कारण माणूस कामावर आहे. घरी ज्वारीचा डबा तळाला लागलेला, आणि सादिकचं दुसरं पत्र आलं होतं.

बाराव्या दिवशी हैदराबादच्या बाजूची रांग पार नळदुर्गात शिरली आणि त्या रांगेत एक जीप अडकली. दीड तास हॉर्न वाजवून झाल्यावर त्यातले गृहस्थ उतरले आणि उन्हातून चालत, घामाने निथळत नाक्यापर्यंत आले.

"कुणी उघडला हा नाका?" ते गरजले.

"काय माल हाय?" आयुबमियांनी मान वर न करता विचारलं.

"माल? अहो, मी पेन्शन कचेरीचा साहेब आहे!"

आयुबमिया ताडकन उठले. सलाम केला. मग खिशातून हुकमाचा कागद काढून त्यांनी दोन्ही हातांनी साहेबांपुढे धरला. "हुजूर, तुमीच उघडला. ही तुमची सही."

साहेबांनी कागद वाचला. सही नीट पाहिली. सहीला दोष द्यायला जागा नव्हती; एका बैठकीत दोनशे कागदांवर करतात तशीच ती होती. ते बाकड्यावर बसले आणि त्यांनी चहा मागवला. आयुबमियांनी सगळी कहाणी सांगितली. ती वयाची, उंचीची आणि सातव्या लेकराची होती, आणि शेवटी त्यांनी हात जोडले.

"हुजूर, माझं काय बी कमी करा. लेकरू नका कमी करू."

साहेबांनी भज्यांचा कागद ओढला आणि तिथेच हुकूम लिहिला: 'सय्यद आयुब यांचे सर्व आकडे पूर्ववत करावेत. नाका तात्काळ बंद.' आणि जाताना, कुणी पाहत नाही असं बघून, त्यांनी एक पावतीही घेतली. पुढे अडवलं तर काय घ्या.

बांबू पुन्हा कांद्यांकडे गेला. शरणबसप्पाने मात्र दोन दिवस दुकान उघडलं नाही.

पहिल्या तारखेला आयुबमिया कचेरीत गेले. बलभीमरावांनी रजिस्टर त्यांच्याकडे फिरवून दाखवलं. वय त्रेसष्ट. उंची सत्तर. अपत्यं सात. आयुबमियांनी त्या सातावरून बोट फिरवलं, खाली सही केली आणि हातात आलेल्या नोटा मोजल्या. पुन्हा मोजल्या.

"बलभीमराव, बेचाळीस हायती."

"पेन्शन बेचाळीस. पूर्ववत."

"अवो, ते हालीत! कलदारात छत्तीस. सा रुपये जास्त आले."

"हुकमात 'सर्व आकडे पूर्ववत' म्हटलंय," बलभीमराव म्हणाले. "'पेन्शन सोडून' असं कुठं आहे, दाखवा. तुमची तक्रार असेल तर अर्ज करा. साहेब दौऱ्यावर आहेत."

"आन तोवर?"

बलभीमरावांनी टाक खाली ठेवला आणि पुठ्ठ्याकडे पाहत म्हटलं, "तोवर रुजू व्हा."

आयुबमियांनी नोटा उचलल्या आणि मोटार गाठली.

रस्ताभर त्यांना ते सहा रुपये खिशात टोचत होते. घरी येऊन त्यांनी सगळे पैसे बेगमबींपुढे ठेवले आणि गुन्हा कबूल करावा तसं सांगून टाकलं. बेगमबींनी ऐकलं, पदराने हात पुसले आणि सतरंजीवर नोटांचे सारखे वाटे घातले. सहा-सहाचे. सात झाले.

"येका लेकराचे सा," त्या म्हणाल्या. "सातवं परत आलं न्हवं? मग त्येचे त्येला गेले. मनिऑर्डरचा फारम आना."

फॉर्मसाठी आयुबमिया तोच खाकी कोट चढवून निघाले आणि सवयीने खिशात हात घातला. नाक्यावर आधीच लिहून ठेवलेली एक पावती तळाशी उरली होती. 'काही घेतलं नाही. सय्यद आयुब.' त्यांनी ती दोनदा वाचली, उंबऱ्यावरून मागे फिरले, आणि बेगमबींचं लक्ष नाही असं बघून चुलीत टाकली.