डोळे चोळण्यास मनाई

लखनौत आमच्या तेलीबागच्या कॉलनीत डोळे चोळण्यास मनाई आहे. तशी पाटी कुठेही लावलेली नाही. पाटीची गरज नाही, वानखेडे आहेत.

मे महिन्यातली आंधी नुकतीच येऊन गेलेली असते, आपण रस्त्याने चाललेले असतो, डोळ्यांत धूळ गेलेली असते आणि हात आपोआप वर जातो. तो डोळ्यापर्यंत पोहोचण्यापूर्वीच मागून आवाज येतो, "हात खाली." वळून पाहावे तो खाकी टोपी घातलेले एक काटकुळे गृहस्थ उभे.

"काहून चोळून राहिले जी? डोळा आहे तो, भांडं नाही. चोळायचं नाही, टिपायचं."

मग ते खिशातून घडी केलेला स्वच्छ रुमाल काढून देतात. तो परत घेत नाहीत. कॉलनीतील प्रत्येक घरात त्यांचे रुमाल आहेत. माझ्याकडे कपाटाचा अर्धा खण त्यांनी अडवला आहे.

मी लेखापरीक्षण खात्यातून निवृत्त झालो. कोणाचे कौतुक करण्याची मला सवय नाही आणि वयोमानाने ती लागण्याची शक्यताही नाही. तेव्हा पुढील मजकूर वाचकांनी वस्तुस्थिती म्हणून वाचावा.

वानखेडे मूळचे वर्ध्याचे. रेल्वेत रूळ तपासण्याचे काम त्यांनी जन्मभर केले, शेवटची बरीच वर्षे इथल्याच आलमबागेत राहून. खाली मान घालून रुळावरून मैलोगणती चालणारा मनुष्य निवृत्तीनंतरही मान वर करत नाही. जगातील प्रत्येक गोष्ट त्यांना रूळ वाटते. माझा रक्तदाब वाढला तेव्हा ते समाचाराला आले आणि म्हणाले, "काही नाही साहेब, वेगमर्यादा लागली. गाडी बंद नाही." माझ्या पत्नीला हे फार आवडले. मला आवडले नाही.

डोळ्यांचे प्रकरण मात्र त्यांच्या मुलीपासून सुरू झाले. जुई त्यांची एकुलती एक. वय अठ्ठावीस, चिनहटच्या एका कारखान्यात मालाची गुणवत्ता तपासते. तिला मराठी सगळे समजते. उत्तर ती हिंदीत देते. दोन वर्षांपूर्वी तिला दिवे दुहेरी दिसू लागले. तपासणीत निघाले की बुबुळावरचा पारदर्शक पडदा, ज्याला कॉर्निया म्हणतात, तो दोन्ही डोळ्यांत पातळ होऊन पुढे फुगत चालला आहे. डोळे चोळल्याने हा आजार बळावतो, असेही डॉक्टरांनी सांगितले. डॉक्टर ते एकदाच बोलले. वानखेडे तेव्हापासून थांबलेले नाहीत.

"रूळ झिजला, की पहिले वेग कमी करतात," ते समजावतात. "मग जोड आवळतात. तेवढ्यानं नाही भागलं तर रूळ बदलतात." वेग कमी करणे म्हणजे विशेष प्रकारच्या लेन्स. जोड आवळणे म्हणजे किरण सोडून पडदा कडक करण्याचा उपचार. तो दोन्ही डोळ्यांवर झाला. रूळ बदलणे म्हणजे कोणीतरी मरणोत्तर दिलेला कॉर्निया बसवणे. डावा डोळा सावरला. उजव्याचे नक्की होत नव्हते.

या अनिश्चिततेची झळ कॉलनीने सोसली. समोरच्या मिश्राजींच्या मुलीची बिदाई होती. नवरी रडत होती, आई रडत होती, मिश्राजी दोन्ही मुठींनी डोळे चोळत होते. वानखेडे गर्दीतून वाट काढत पुढे गेले आणि त्यांनी मिश्राजींची मनगटे धरून खाली केली. "रोइए, ख़ूब रोइए, मिश्राजी. मगर हाथ नीचे." मग त्यांनी वरपक्षासह सर्वांना रुमाल वाटले. बँडवाल्यालाही एक मिळाला. मिश्राजी नंतर कित्येक दिवस त्यांच्याशी बोलत नव्हते. रुमाल मात्र वापरतात.

होळीच्या दिवशी ते स्वच्छ पाण्याची बादली घेऊन चौकात उभे राहतात आणि ज्याच्या डोळ्यांत गुलाल जाईल त्याची मान धरून डोळे धुतात. लखनौत होळीला पूर्ण कोरडा राहणारा असा मनुष्य मी दुसरा पाहिलेला नाही. त्यांच्या जवळ जाण्याची कोणाची छाती होत नाही.

गेल्या हिवाळ्यात कानपूरहून जुईला पाहायला एक मराठी कुटुंब आले. नातेवाइकांनी वानखेड्यांना बजावले होते की आजाराचे नंतर सांगता येईल. वानखेड्यांनी पाहुणे चपला काढत असतानाच सांगितले, तेही फुगलेला पडदा आणि झिजलेला रूळ यांची आकृती काढून. तरीही मंडळी बसली. पोहे आले. मुलाने चष्मा वर सरकवला आणि एक डोळा चोळला.

"हात खाली," वानखेडे म्हणाले.

मुलगा दचकला. पोहे सतरंजीवर सांडले. पाहुणे चहासाठी थांबले नाहीत.

"बाबा भी कमाल हैं," जुई मला हे सांगताना हसत होती. "लड़का वैसे भी बोर था, काका."

आता एक तक्रार. मिश्राजी धरून आम्ही चार निवृत्त मंडळी पहाटे फिरायला जातो. वानखेड्यांच्या फाटकाशी आलो की मी लोखंडी गजांवरून काठी फिरवतो. मोठा खडखडाट होतो आणि वानखेडे बाहेर येतात. ही आमची हजेरी. दोन वर्षांपूर्वी त्यांनी येणे बंद केले. कारण विचारता म्हणाले, "सकाळी ड्यूटी असते, साहेब." निवृत्त माणसाची ड्यूटी ऐकून आम्ही हसलो. जन्मभर चाललेला मनुष्य अखेर अंथरुणाला चिकटला, असा निष्कर्ष मी काढला आणि काठी फिरवणे चालू ठेवले. दोनदा त्यांनी हात जोडले. "साहेब, फाटक नका वाजवू." कारण दिले नाही. विनाकारण आक्षेप मान्य करण्याची आमच्या खात्यात पद्धत नव्हती.

मागच्या आठवड्यात ते घरी आले. टोपी हातात होती.

"उद्या जुईचा निकाल आहे. उजव्या डोळ्याचा. तुम्ही चला ना जी."

"माझा तेथे काय उपयोग?"

"तुमच्या चेहऱ्याकडे पाहून कोणाला रडू येत नाही."

मी गेलो.

रुग्णालयात रुग्णासोबत एकालाच आत सोडतात. वानखेड्यांनी मला मुलीचे काका म्हणून आत घेतले. डॉक्टरबाई तरुण होत्या आणि थकलेल्या होत्या. त्यांनी संगणकावर जुईच्या डोळ्याचे रंगीत चित्र उघडले, बराच वेळ पाहिले, चष्मा काढला आणि डोळ्याकडे बोटे नेली.

"हाथ नीचे, मैडम," वानखेडे म्हणाले.

डॉक्टरबाईंनी हात खाली घेतला. रुमालही घेतला. जुईने कपाळाला हात लावला.

"आप तो नहीं रगड़तीं न?" त्यांनी जुईला विचारले. "नींद से उठते वक़्त? उस समय हाथ अपने आप जाता है।"

"नहीं मैडम। उठते वक़्त बाबा मेरे दोनों हाथ पकड़े रहते हैं।"

"मतलब?"

"मेरे जागने से पहले आकर बैठ जाते हैं। हाथ पकड़कर। जब तक पूरी आँख न खुल जाए, छोड़ते नहीं।"

"रोज़?"

"रोज़। दो साल से। अचानक कोई आवाज़ हो जाए तो और कसकर पकड़ते हैं।"

डॉक्टरबाईंनी वानखेड्यांकडे पाहिले. वानखेडे भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता तपासत होते.

"चोळ म्हणून मीच सांगत होतो," ते तक्त्याकडे पाहतच म्हणाले, आणि मग डॉक्टरबाईंसाठी हिंदीकडे वळले. "इंजीनियरिंग की तैयारी थी, मैडम. सुबह पाँच बजे मैं ही उठाता था. बोलता था, आँख मल, नींद भाग जाएगी. नहीं मलती थी तो डाँटता था."

"बाबा, फिर वही," जुई म्हणाली.

"देखिए," डॉक्टरबाई म्हणाल्या, "किसी के कहने से यह बीमारी नहीं होती। एलर्जी होती है, शरीर की बनावट होती है। आप यह मन से निकाल दीजिए।"

वानखेड्यांनी मान हलवली, पण पटल्याची नव्हे. रेल्वेत रूळ आपोआप झिजला असे कोणी लिहून देत नाही. तो ज्याच्या हद्दीत, म्हणजे बीटमध्ये, झिजतो त्याचे नाव विचारतात.

"ती बीट माझी होती," ते मला मराठीत म्हणाले.

ज्या चेहऱ्यासाठी मला आणले होते तो चेहरा मी तसाच ठेवला.

मग डॉक्टरबाईंनी निकाल सांगितला. डावा डोळा स्थिर आहे. तो असाच सांभाळावा. उजव्यात आता कॉर्निया बदलण्यावाचून मार्ग नाही. नाव नोंदवावे लागेल, कॉर्निया मिळेपर्यंत वाट पाहावी लागेल. नवा पडदा शरीर स्वीकारेलच अशी हमी कोणी देत नाही; बहुतेक स्वीकारते.

जुईने ओठ आवळले. वानखेड्यांच्या दोन्ही गालांवरून पाणी वाहत होते. हात मांड्यांना चिकटलेले होते, साहेबासमोर उभा राहिलेल्या शिपायाचे असतात तसे. ते पाणी त्यांनी टिपलेही नाही. खिशातला शेवटचा रुमाल डॉक्टरबाईंकडे गेला होता.

"टाँके कितने दिन रहेंगे?" त्यांनी विचारले.

"साल भर, शायद ज़्यादा। और उन दिनों आँख को हाथ बिलकुल नहीं लगना चाहिए। नींद में भी नहीं।"

"म्हणजे ड्यूटी वाढली," वानखेडे म्हणाले.

जुईने ओढणीच्या टोकाने त्यांचा एक गाल टिपला, मग दुसरा. "रिटायर कब होगे, बाबा?" ती म्हणाली. वानखेड्यांची नजर तिच्या हातांवर होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही नेहमीप्रमाणे निघालो. वानखेड्यांचे फाटक आले. त्यांच्या मागच्या खोलीत दिवा नव्हता; खिडकी अर्धवट उघडी होती. मी काठी जमिनीवरून उचलून काखेत घेतली आणि गजांपासून दूर, रस्त्याच्या पलीकडच्या कडेने चालू लागलो. मिश्राजी थबकले.

"आज हाज़िरी नहीं लेंगे, साहब?"

"धीरे बोलिए," मी म्हणालो. "वे ड्यूटी पर हैं."